एक्स्चेंजच्या खोलीचे कुलूप

गेल्या सत्रात आमच्या इन्स्ट्रक्टर सरांनी वर्गाला एक प्रश्न घातला. शाळेची टेलिफोन एक्स्चेंजची खोली आहे, त्याच खोलीत आता इंटरनेटची यंत्रेही बसणार आहेत. तिच्या सुरक्षेसाठी वर्षाला दोन लाख रुपये दिले, तर ते कसे खर्च कराल? एका पानात लिहा. सैन्यात अशा लिखाणाला ‘ॲप्रिसिएशन’ म्हणतात. आपला हेतू काय, अडचणी कोणत्या, मार्ग किती, त्यांतला कोणता निवडला आणि का, हे सगळे त्यात यावे लागते.

मी पाच मिनिटांत पान भरले. खोलीभोवती भिंत, भिंतीवर काटेरी तार, दाराला दोन कुलपे आणि दारात चोवीस तास एक संत्री. सरांनी कागद वाचला आणि हिंदीत एवढेच विचारले, “एका संत्र्यासाठी किती संत्री लागतात?” मागच्या बाकावरचा आमचा नागपूरकर मराठीत हळूच म्हणाला, “डझनावर मिळतात.” वर्गात आम्ही तिघेच मराठी, त्यामुळे तिघेच हसलो आणि तिघांनीच मैदानाला दोन फेऱ्या मारल्या.

धावताना मी हिशेब केला. आठवड्याचे तास १६८. एक माणूस रोज आठ तास आणि आठवड्याला सहा दिवस काम करील, म्हणजे ४८ तास. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन माणसे. त्यात रजा, आजारपण, घरचे लग्न धरले तर चार माणसे ठेवल्याशिवाय दारात एक माणूस उभा दिसणार नाही. एका माणसाचा महिन्याचा खर्च पंधरा हजार धरला, तर चौघांचे साठ हजार. माझे दोन लाख जेमतेम सव्वातीन महिने पुरले असते. कुलूप, तार आणि भिंत यांना तर एक पैसाही उरला नव्हता. शिवाय आठ तास एकाच दाराकडे बघत राहणारा माणूस पहाटे तीन वाजता खरोखर बघतो का, हा प्रश्न वेगळाच. गार्ड ड्यूटीत दोन तास पहारा आणि चार तास विश्रांती अशी पाळी ठेवतात, ती उगाच नव्हे.

आता या खोलीबद्दल मला जरा जास्त का वाटते, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या मागच्या बाजूने थोडी तांब्याची तार आणि दोन बॅटऱ्या चोरीला गेल्या. त्यानंतर तिथे जाड लोखंडी दार आले आणि दाराला दोन मोठी कुलपे आली. एक किल्ली ऑफिसात, दुसरी स्टोअरमध्ये. दोन्ही किल्ल्यांचे दोन माणूस समोर असल्याशिवाय दार उघडायचे नाही, असा नियम झाला. सगळ्यांना हायसे वाटले.

पुढच्या जुलैत एका शनिवारी दुपारी मोठा गडगडाट झाला आणि शाळेचे सगळे फोन मुके झाले. ऑफिसातली किल्ली होती. स्टोअरची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर गावी गेले होते आणि किल्ली त्यांच्या खिशातून त्यांच्याबरोबर गेली होती. नवे दार फोडायचा हुकूम द्यायला कोणी तयार होईना, आणि ते बरोबरच होते. सोमवारी अकरा वाजता दार उघडले. आत एक फ्यूज उडाला होता. दुरुस्तीला पाच मिनिटे लागली.

माझे बाबा सिग्नल्समध्ये आहेत. त्या महिन्यांत ते अशा ठाण्यावर होते, जिथे प्रत्येकाला आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी फोनची पाळी मिळते. बाबांची पाळी रविवारी चार वाजता. त्यांच्या वहीत आमच्या हाऊसच्या फोनचा नंबर होता. मी साडेतीनपासून फोनजवळच्या बाकावर बसलो होतो. सहा वाजता हाऊस मास्टर सरांनी चहाला पाठवले. पुढे कळले की बाबांनी अख्खी पाळी तोच नंबर फिरवण्यात घालवली, त्यामुळे साताऱ्याला आईलाही फोन करता आला नाही. आईचा पुढचा आठवडा कसा गेला, हे ती अजून मला नीट सांगत नाही.

त्या दोन दिवसांत चोर आला नाही. कुलपांनी आपले काम चोख केले. चुकला तो हिशेब. कुलपाची किंमत म्हणजे दुकानात दिलेले पैसे, एवढेच आम्ही सगळ्यांनी धरले होते. पण कुलूप चोराला जितका वेळ अडवते, तितकाच दुरुस्ती करणाऱ्यालाही अडवते. हा वेळ खर्चाच्या बाजूला लिहायचा राहून जातो, कारण त्याची पावती मिळत नाही.

सरांच्या प्रश्नानंतर मी ग्रंथालयात आणि संगणक कक्षात बसून जगात अशा इमारतींचे काय काय झाले ते वाचले. त्यातली तीन उदाहरणे सांगतो.

पहिले भिंतीचे. अमेरिकेत नॅशव्हिल शहरात एटी अँड टी या कंपनीची एक भक्कम इमारत आहे. २५ डिसेंबर २०२० रोजी, नाताळच्या पहाटे, तिच्यासमोर उभ्या केलेल्या एका मोठ्या गाडीत स्फोट झाला. गाडीतूनच आधी ध्वनिक्षेपकावर लोकांना दूर जाण्याचा इशारा दिला जात होता आणि पोलिसांनी घरोघर जाऊन माणसे बाहेर काढली, म्हणून स्फोट घडवणाऱ्याखेरीज कोणी मेले नाही. रस्त्यावरच्या कित्येक इमारतींची दुर्दशा झाली, पण ही इमारत उभी राहिली. म्हणजे भिंतीला पूर्ण गुण. तरीही काही तासांनी टेनेसी आणि शेजारच्या राज्यांतले फोन बंद पडू लागले. मदतीसाठी फिरवायचा ९११ हा नंबर अनेक ठिकाणी लागेना, नॅशव्हिलच्या विमानतळावरची उड्डाणे काही काळ थांबली. कारण बाहेरून येणारी वीज गेली होती, आग आणि पाण्यामुळे जनरेटर चालले नाहीत आणि बॅटऱ्या काही तासांत संपल्या. मग बाहेरून वीज आत नेण्यासाठी कंपनीच्या लोकांनी काय केले? त्याच भक्कम भिंतीला भोके पाडली. हे वाचून मला आमचे लोखंडी दार आठवले.

दुसरे माणसांचे. शिकागोजवळ हिन्सडेल नावाचे गाव आहे. तिथल्या टेलिफोन केंद्रात ८ मे १९८८ रोजी आग लागली. रविवार होता, अमेरिकेतला मातृदिन होता, म्हणजे वर्षात सर्वांत जास्त फोन होतात अशा दिवसांपैकी एक. केंद्रात कोणी नव्हते. यंत्रे आपोआप चालतात, सुट्टीच्या दिवशी माणूस कशाला बसवायचा, असा तो हिशेब होता. धोक्याची सूचना सुमारे ३०० किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरातल्या कक्षात वाजली. तिथल्या लोकांनी अग्निशमन दलाला लगेच कळवले नाही, आधी आपल्याच वरिष्ठांना शोधत बसले. आणि जेव्हा आग विझवणाऱ्यांना बोलवायची वेळ आली, तेव्हा गावातले फोनच मेले होते. फोन त्याच इमारतीतून जात होते ना! बंब आल्यावरही आतला वीजपुरवठा तोडायला फार वेळ गेला. आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा तिथे नव्हती. पाण्याने यंत्रे खराब होतील या भीतीने त्या काळी टेलिफोन कंपन्या ती टाळत असत. सुमारे ३५,००० ग्राहकांचे फोन गेले. शिकागोच्या विमानतळांच्या कामातही अडथळा आला. सगळे पूर्ववत व्हायला आठवडे लागले.

इथे शत्रू नव्हता, चोर नव्हता. भिंत आणि कुलूप यांचा काही उपयोगही नव्हता. आपण सुरक्षा म्हटले की लगेच माणसाचा, म्हणजे वाईट माणसाचा विचार करतो. आग, पाणी, उंदीर आणि वीज यांना आपल्या मनात शत्रूचा दर्जाच नाही.

हिन्सडेलमध्ये मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटली. समजा एखाद्या कंपनीने हिशेब केला की आपली दोन कोटींची यंत्रे दर शंभर वर्षांत एकदा जळतील. म्हणजे वर्षाला सरासरी दोन लाखांचे नुकसान. मग आग रोखण्यावर वर्षाला पाच लाख का घालवावेत? आकड्यात चूक नाही. पण यात फक्त कंपनीची यंत्रे धरली आहेत. ज्याचा दवाखाना बंद पडला, ज्याला आईशी बोलता आले नाही, ज्याचे विमान अडले, त्यांचे नुकसान कंपनीच्या वहीत येत नाही. ते ज्याच्या त्याच्या घरी राहते. टेलिफोन केंद्राचा हिशेब किराणा दुकानाच्या गोदामासारखा करून चालत नाही तो यामुळेच. गोदाम जळले तर मुख्य नुकसान मालकाचे. केंद्र जळले तर मालकाचे नुकसान सर्वांत लहान असू शकते.

तिसरे उदाहरण माझे आवडते आहे, त्यामुळे ते जरा लांबेल.

पहिल्या महायुद्धात ‘एमडन’ ही जर्मन युद्धनौका हिंदी महासागरात धुमाकूळ घालत होती. २२ सप्टेंबर १९१४ रोजी तिने मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. आमच्या हाऊसमधला तमिळ मित्र सांगतो की त्याची आजी चलाख आणि दांडग्या माणसाला अजून ‘एमडन’ म्हणते. तर ही एमडन ९ नोव्हेंबर १९१४ रोजी सकाळी कोकोस बेटांपैकी डिरेक्शन नावाच्या बेटापाशी आली. तिथे समुद्राखालून जाणाऱ्या तारांचे केंद्र होते. ऑस्ट्रेलिया, बटाव्हिया आणि मॉरिशसकडच्या तारा तिथे मिळत होत्या. शिवाय बिनतारी यंत्राचा उंच खांब होता.

केंद्रावर तोफ नव्हती, पलटण नव्हती. लेफ्टनंट फॉन म्यूके हा अधिकारी सुमारे पन्नास नौसैनिक घेऊन उतरला, तेव्हा केंद्राच्या लोकांनी हात वर केले. मुख्याने किल्ल्या आणून दिल्या, कोणती कोणत्या दाराची तेही दाखवले. एक विनंती मात्र केली, की बिनतारीचा खांब पाडताना तो टेनिसच्या मैदानावर पडू देऊ नका. जर्मनांनी ती मानली. वाचताना मला पहिल्यांदा रागच आला. एवढे महत्त्वाचे केंद्र आणि त्याच्या किल्ल्या शत्रूच्या हातात!

पण त्याआधी काय झाले होते ते पाहा. परके जहाज दिसताक्षणी केंद्राने बिनतारी आणि तार या दोन्ही मार्गांनी संदेश सोडला होता की एमडन इथे आली आहे. जर्मनांनी बिनतारी संदेशात गोंधळ घालायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. सुमारे पन्नास सागरी मैलांवरून सैन्याने भरलेल्या जहाजांचा ताफा चालला होता आणि त्याच्या संरक्षणाला ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ ही युद्धनौका होती. ती वळली आणि काही तासांत येऊन ठेपली. दुपारच्या आत एमडन निकामी होऊन उत्तरेकडच्या बेटाच्या खडकांवर चढली होती. फॉन म्यूके आणि त्याची माणसे बेटावरच राहिली आणि एका जुन्या शिडाच्या जहाजातून निसटली, ती वेगळी आणि फार सुरस गोष्ट आहे. त्यांनी कापलेल्या तारांपैकी एक नुसती दाखवण्यापुरती टाकलेली खोटी तार होती. केंद्राने जादा यंत्रे आधीच लपवून ठेवली होती. त्यामुळे काम लवकरच पुन्हा सुरू झाले.

आता खर्च मांडा. त्या काळी तारांची केंद्रे जगभरच्या बेटांवर विखुरलेली होती. प्रत्येकावर तोफा आणि एक कंपनी ठेवायची म्हटले असते, तर युद्ध लढायला माणसे उरली नसती, आणि एमडनच्या तोफांपुढे ती कंपनीही टिकली नसती. त्याऐवजी केंद्राने ठेवले काय? डोळे उघडे ठेवणारा माणूस, तयार संदेश, एक खोटी तार आणि एक लपवलेली पेटी. केंद्र थोड्या काळासाठी गेले. एमडन कायमची गेली.

बाबा रजेवर आले तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगितले. ते ऐकून म्हणाले, “खोली सांभाळणं सोपं असतं रे. तार खोलीच्या बाहेर पडली की तिला कोण सांभाळणार?” खरेच आहे. आपल्या देशात तारा तुटतात त्या बहुतेक खोदकामाने. रस्त्याचे काम एका खात्याचे, पाण्याचे दुसऱ्याचे, केबल तिसऱ्याची, आणि जेसीबीच्या दातांना काहीच दिसत नाही. अशा बेहिशेबी खोदकामाने देशाचे वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच सांगितले आणि मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप काढले. खोदण्याआधी त्यावर विचारायचे, म्हणजे खाली ज्याची तार आहे त्याला कळते. हजारो किलोमीटर तारेवर पहारा ठेवणे अशक्य आहे. खोदणाऱ्याने एक प्रश्न विचारणे शक्य आहे.

गडचिरोली आणि बस्तरमध्ये मात्र प्रश्न खरोखरच शत्रूचा होता. तिथे माओवाद्यांनी मोबाइलचे टॉवर जाळले. जंगलातल्या प्रत्येक टॉवरला स्वतंत्र पहारा देणे म्हणजे पुन्हा माझी साडेतीन माणसांची गोष्ट, आणि त्या माणसांच्या जिवाला धोका, तो वेगळाच. म्हणून अनेक टॉवर पोलीस ठाण्यांच्या आणि सुरक्षा दलांच्या तळांच्या आवारात उभारले गेले. पहारा तिथे आधीपासून आहेच, टॉवरसाठी नवा माणूस लागत नाही. मला ही युक्ती फार आवडली. तिचीही किंमत आहे. तळ गावापासून लांब असेल तर गावात रेंज कमी येणार. फुकट असे काही मिळत नाही, फक्त बिल दुसऱ्या दारी जाते.

माझा एक मित्र म्हणाला, मग सैन्याच्या सिग्नल सेंटरवर संत्री कशाला ठेवतात, तिथेही खोटी तार टाकावी. मी हे बाबांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे. आमच्या एक्स्चेंजमध्ये कोणी शिरला, तर जास्तीत जास्त काहीतरी उचलून नेईल आणि आपल्याला ते कळेल. सिग्नल सेंटरमध्ये कोणी शिरला, काहीच न उचलता फक्त वाचून गेला, आणि आपल्याला कळलेच नाही, तर सर्वांत वाईट. तुटलेली तार दिसते, चोरलेले गुपित दिसत नाही. तिथे माणूस आणि त्याचे डोळेच लागतात, आणि तिथे साठ हजारांचा हिशेब कोणी मांडत नाही. म्हणजे पहारा महाग आहे म्हणून तो वाईट नव्हे. तो कशासाठी ठेवला आहे, ते आधी सांगता आले पाहिजे.

महिन्याने मी सरांना दुसरा कागद दिला. नवा संत्री नाही. मुख्य फाटकावर चोवीस तास पहारा आहेच, तर एक्स्चेंजच्या धुराच्या यंत्राची घंटा तिथे न्यावी. रात्रीच्या गस्तीने या खोलीवरून जावे, पण रोज त्याच वेळी नको. दाराला कुलूप एकच, चांगले. त्याची दुसरी किल्ली फाटकावर काचेच्या सीलबंद पेटीत. काच फोडणाऱ्याने वहीत नाव, वेळ आणि कारण लिहावे. चोराला काच फोडता येईल हे खरे, पण तिथे बंदूकधारी उभा आहे. खिडकीला जाळी, आगीसाठी कार्बन डायऑक्साइडचे दोन सिलिंडर. यंत्रे जमिनीपासून हातभर वर. जादा फ्यूज आणि कार्ड त्या खोलीत न ठेवता एमआय रूमच्या कपाटात, कारण जळेल ती खोली आणि तिच्यातले सुटे भाग एकदमच जळतील. शेवटी, एमआय रूममध्येच मोबाइलच्या सिमवर चालणारा एक साधा फोन. त्याचा नंबर सगळ्या पालकांना कळवावा. हा फोन कागदावर सर्वांत स्वस्त होता, आणि मी तो पहिल्या क्रमांकावर लिहिला होता. त्याचे कारण सरांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

एवढे करूनही दोन लाखांतले बरेच पैसे उरत होते. ते मी जनरेटरच्या डिझेलसाठी ठेवले.

कागद परत आला तेव्हा दहापैकी सात गुण होते आणि खाली पेन्सिलीने एक ओळ होती. खोलीच्या चारही बाजू पाहिल्यास, वर काय आहे ते पाहिलेस का?

दुपारी खेळाच्या तासाआधी मी आणि नागपूरकर मागच्या शिडीने वर चढलो. एक्स्चेंजच्या बरोबर माथ्यावर मेसची पाण्याची टाकी आहे. तिच्या एका कडेने पाणी ठिबकत होते आणि गच्चीला तिथे हिरवे शेवाळ आले होते.